बोटभर झोळ

एल्डन उद्या सकाळी मागच्या उतारावर जाणार आहे, एकटा, आणि ही गोष्ट काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही.

दुपारी मी भांडी विसळत होते. समोरच्या घरापुढे त्याचा ट्रक थांबला आणि त्याने मागची फळी पाडून निळ्या नळीची चार भेंडोळी एकेक करून खाली उतरवली. आमची घरं समोरासमोर, मध्ये फक्त रस्ता. हात न पुसताच मी पलीकडे गेले. तो म्हणाला की मागच्या उतारावरची ऐंशी मेपलची झाडं यंदा रसासाठी नळीवर घ्यायची, आणि तेही हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या आत, म्हणजे दोन आठवड्यांत. बरोबर कोण आहे म्हणून विचारलं, तर त्याने ट्रकमध्ये झोपलेल्या कुत्र्याकडे हनुवटी उडवली. तो कुत्रा चौदा वर्षांचा आहे आणि त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही. मी निघाले तेव्हा एल्डन भेंडोळ्यांकडे बघत म्हणाला, "मागच्या बाजूला वारा नसतो. दोघांना उभं राहायला जागा आहे."

कुत्र्याबद्दल बोलतोय असं वाटून मी घरी आले.

एल्डन पेरो एकाहत्तर वर्षांचा आहे. त्याचा उजवा खांदा वर जात नाही. मागचा उतार सरळ ओढ्यात उतरतो आणि ऑक्टोबरअखेर त्यावर ओल्या पानांचा घोटाभर थर असतो. मोबाइल तो बाळगत नाही. त्याच्या मुलाने दोन वेळा आणून दिला, दोन्ही वेळा तो खिळ्यांच्या डब्यात सापडला. एल्डनचं म्हणणं असं, की ज्याला तार नाही त्याच्यावर भरवसा ठेवायचा कसा.

हे त्यानेच म्हणावं, कारण त्याने एक्केचाळीस वर्षं टेलिफोनच्या तारा ओढल्या. आमच्या खोऱ्यात असं घर नाही ज्याच्या भिंतीला त्याने भोक पाडलेलं नाही. माणसांची नावं त्याला उशिरा आठवतात, खांबांचे नंबर आधी. चर्चजवळची म्हातारी त्याच्या लेखी अजून 'नऊ' आहे, टपालवाला 'चौदा'. मी 'बावीस'.

मी बावीस कशी झाले ते सांगते. आमची ब्रिन अकरा महिन्यांची असताना जानेवारीत तीन दिवस बर्फाचा पाऊस पडला. पाऊस खाली पडतो आणि जिथे टेकतो तिथे गोठतो, तसला. फांद्या मोडल्या, तारा तुटल्या, वीज गेली, फोन गेला. ब्रिनला घशातून भुंकल्यासारखा खोकला सुरू झाला आणि माझा नवरा डोंगराच्या पलीकडे अडकलेला. संध्याकाळी खिडकीतून पाहिलं तर आमच्यासमोरच्या खांबावर एक दिवा लोंबत होता आणि त्या दिव्याखाली कोणीतरी छोट्या कुऱ्हाडीने बर्फ फोडत होतं. अर्ध्या तासाने घरातला फोन वाजला. "बावीस नंबर, ऐकू येतंय का?" मी इतकी रडले की मला धड हो म्हणता आलं नाही. तो म्हणाला, "रडणं ऐकू येतंय, म्हणजे लाइन चालू आहे. आता डॉक्टरला लावा." मी डॉक्टरशी बोलून फोन ठेवेपर्यंत तो दिवा खांबावरच होता. नंतर आम्ही एकमेकांना अरेतुरे करायला लागलो, पण नाव काही बदललं नाही.

तारेबद्दल त्याचा एक नियम होता आणि तो त्याने पदराला खार लावून शिकला होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी, एकविसाव्या वर्षी, त्याने गिरणीपासून खिंडीपर्यंतची तार एकट्याने ओढली. सप्टेंबरातलं ऊन होतं, अंगात जोर होता, तार सतारीसारखी ताणून बांधली. जानेवारीत पारा उणे तीसला गेला त्या रात्री ती चार ठिकाणी तुटली. सगळा रस्ता दोन दिवस मुका. मुकादम त्याला रागावला नाही, एवढंच म्हणाला, "पेरो, तारेलाही थंडी वाजते. तिला अंग चोरायला जागा ठेव." तेव्हापासून एल्डनचा हात ठरला. पक्कड लावायची, ओढायची, आणि गाठ मारण्याआधी बोटभर सैल सोडायची. चाळीस वर्षं, हजारो खांबांवर, बोटभर झोळ. त्यानंतर त्याची तार थंडीने कधी तुटली नाही.

आता व्हर्ना. व्हर्ना ही त्याची बायको, आणि डोंगरावरची मेपलची झाडं तिच्या वडिलांची. पंधराव्या वर्षापासून ती त्या झाडांचा गोड रस आटवून पाक करत आली. तिच्या वडिलांच्या घरचा फोन एकदा बिघडला, एल्डन दुरुस्त करून गेला. मग त्याच महिन्यात तो आणखी तीनदा तपासायला आला. तिसऱ्या वेळी व्हर्ना दारात उभी राहून म्हणाली, "या फोनला आता काय झालंय, ते तरी सांगशील?" एल्डन म्हणाला, "फोनला काही नाही झालेलं." झाली सोयरीक.

लग्नानंतर कामाची वाटणी सरळ होती. मार्च आला की झाडांना बादल्या टांगायच्या, भरल्या की खाली वाहून आणायच्या, हे एल्डनचं. खोपीत भट्टी पेटवून पसरट कढईत रस आटवायचा, फेस वर आला की लोण्याचा बारीक गोळा टाकून तो बसवायचा, पाक झाला कधी आणि करपला कधी यातला क्षण ओळखायचा, हे व्हर्नाचं. चाळीस बादल्या रस आटला की एक बादली पाक. एल्डनने किती बादल्या वाहिल्या असतील त्याचा हिशोब कोणी करू नये.

मग त्याचा खांदा गेला आणि त्याच वर्षी तिचा खुब्याचा सांधा बदलावा लागला. दोन वसंत खोप थंड राहिली. व्हर्ना स्टुलावर बसून आटवू शकली असती, पण डोंगरावरून रस खाली आणणार कोण? कढई पालथी घालून ठेवली. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये एका रविवारी पॅनकेकबरोबर टेबलावर दुकानातली पाकाची बाटली आली. वर छापील चित्र, लाल झाकण. व्हर्नाने ती मिठाशेजारी ठेवली आणि खायला बसली. एल्डन मला नंतर म्हणाला, की ती काही बोलली असती तर बरं झालं असतं. त्याने पॅनकेक कोरडा खाल्ला.

गेल्या वर्षी नाताळ झाल्यावर त्याने नळी आणली. झाडं वर, खोप खाली, मग वाहायचं कशाला, रस आपला आपण येईल, असं त्याचं म्हणणं. अशा नळ्या इथे पुष्कळ जणांकडे आहेत, पण बहुतेकांकडे ओढून घेणारा पंप असतो. एल्डनला पंप नको होता. उतार चांगला असला आणि नळी बारीक असली की आत भरलेला रस स्वतःच्या वजनानेच खाली सरकतो आणि मागच्याला ओढत नेतो. एकशेवीस झाडं, पाच ओळी, सगळ्या शेवटी खोपीच्या दाराशी ठेवलेल्या टाकीत. व्हर्नाने फक्त दार उघडायचं.

जानेवारीभर तो जाळीचे जोडे पायात बांधून चार फूट बर्फावरून डोंगर चढत होता. व्हर्ना आणि माझ्यात एक ठरलं होतं. तो वर गेला की ओसरीच्या कठड्यावर लाल घोंगडी टाकायची, खाली आला की काढायची. मी दिवसातून वीस वेळा त्या घोंगडीकडे बघत असे. एकदा ती साडेचारपर्यंत तशीच होती. कोट घालून निम्मा रस्ता ओलांडला तेव्हा कळलं, तो तीनलाच आला होता, पण घोंगडीवर मांजर झोपली होती म्हणून व्हर्नाने काढली नव्हती.

फेब्रुवारीच्या शेवटी झाडांना भोकं पाडून झाली, तोट्या ठोकून झाल्या. आदल्या रात्री गारठा आणि दिवसा ऊन, असा दिवस लागतो, तो मिळाला. झाडांनी रस सोडला. एल्डनने प्रत्येक तोटीशी पाहिलं, थेंब येत होते. खाली टाकीत मात्र दुपारपर्यंत जेमतेम तळ ओला. दुसऱ्या दिवशी सकाळी नळीत जागोजागी बर्फाच्या कांड्या झालेल्या. तो खाली आला, बूट न काढता स्वयंपाकघरात बसला आणि म्हणाला की उतारच खोटा आहे. मीही तिथे होते, केक द्यायला गेले होते.

व्हर्ना खिडकीत दुर्बीण लावून बसली होती. मग दुर्बीण खाली ठेवून म्हणाली, "एल्डन, तू वर टेलिफोन टाकलायस."

"म्हणजे?"

"म्हणजे हे बघ ये. दोन झाडांच्या मध्ये नळी कशी लोंबतेय. प्रत्येक ठिकाणी एकसारखी वीतभर. इतका सुंदर झोळ मी पंचेचाळीस वर्षांत खांबांवर पाहिला, आता झाडांवर पाहतेय. तो रस खाली येऊन हॅलो म्हणणार नाही रे, तो तिथेच बसून राहणार."

एल्डनने दुर्बीण घेतली. त्याचे कान हळूहळू लाल झाले. खाली उतरणाऱ्या नळीत झोळ राहिला की रस त्या खळग्यात थांबतो आणि रात्री गोठतो, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. हे त्याने मला तोंडपाठ सांगितलं होतं. त्याच्या हाताला माहीत नव्हतं.

लगेच दुसऱ्या दिवशी तो पुन्हा ताणायला गेला आणि संध्याकाळी तसाच झोळ. गाठ मारायच्या क्षणी बोटभर सैल सुटायचंच. त्याने स्वतःच्या हातावर नजर ठेवून पाहिलं, मोठ्याने आकडे मोजून पाहिलं. नाही जमलं. गावसभेचा दिवस सात दिवसांवर होता. मार्चचा पहिला मंगळवार, त्या सुमाराला रसाचा खरा भर असतो. नंतर हंगाम तीन-चार आठवडे टिकतो, कधी तेवढाही नाही. व्हर्नाने स्टूल खोपीत नेऊन ठेवलं होतं, कढई घासून सुलटी केली होती. आणि टेबलावर मिठाशेजारी ती लाल झाकणाची बाटली होतीच.

"हिला ने," व्हर्ना माझ्याकडे बघून म्हणाली. "हिच्या हातून काहीही सैल सुटत नाही. पोरीला विचार हवं तर."

मला ते लागलं. ब्रिन तेव्हा ॲरिझोनात नवीन नोकरीला लागली होती आणि मी रोज फोन करत असे. जेवलीस का, दार लावलंस का, गाडीत पेट्रोल आहे का. शेवटी तिने मला प्रेमाने आणि अगदी स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं की आई, रविवारी बोलू. व्हर्नाला हे मीच सांगितलं होतं, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. शिवाय ती खरं बोलत होती. मी घरी जाऊन जाळीचे जोडे शोधले.

डोंगरावर आम्ही काम वाटून घेतलं. त्याने नळी ओढून धरायची, खालच्या टोकाला झाडाशी मी बांधायची. पहिल्या ओळीला तो पक्कड धरून मागे झुकला आणि नळी झाडांना डावी-उजवी घासत ताठ झाली.

"आता जरा सैल दे," तो म्हणाला.

"नाही देणार."

"अगं तुटेल. रात्री उणे वीस आहे."

"तुटू दे. ही तांब्याची नाही, प्लास्टिकची आहे. हिला थंडी वाजत नाही, उलट उन्हात ही आणखी लोंबते. तूच सांगितलंस."

"मी सांगितलं खरं," तो म्हणाला, आणि मी गाठ मारेपर्यंत त्याने मान फिरवून दरीकडे पाहिलं. दवाखान्यात सुई टोचताना माणसं बघतात ना, तसं. पुढच्या प्रत्येक गाठीला त्याने तसंच केलं. तिसऱ्या दिवशी मी गाठ मारायला लागले की तो आधीच मान फिरवून शीळ घालायला लागला होता.

त्या चार दिवसांत मला एल्डन नीट कळला असं वाटतं. खाली घरात तो गप्प असतो. वर तो सारखा बोलतो. झाडांनाही त्याने नंबर दिले आहेत. बेचाळीस नंबरवर गेल्या वर्षी वीज पडली, त्याला यंदा तोटी एकच. साठ आणि एकसष्ट नवरा-बायको, त्यांच्यामध्ये वाद नको म्हणून दोघांना सारख्या. उतरताना तो सरळ बर्फावर बसतो आणि घसरत खाली जातो, एकाहत्तराव्या वर्षी, टोपी हातात धरून. पहिल्यांदा मी त्याच्या नावाने ओरडले. दुसऱ्यांदा मी विचारलं, पँट फाटत नाही का. चौथ्या दिवशी मीही घसरत उतरले. पाचवी ओळ बांधून झाली होती आणि खाली व्हर्ना ओसरीवर उभी राहून दोन्ही हातांनी घोंगडी हलवत होती. आम्ही खाली पोचल्यावर म्हणाली, "बटाट्याची पोती बरी."

गावसभेच्या दिवशी सकाळी गोठण होती आणि दहानंतर ऊन पडलं. सभागृहात रस्त्यावरचा बर्फ ढकलायच्या जुन्या गाडीवर वाद चालला होता, नवी घ्यावी की हिलाच आणखी एक वर्ष रडवावं. एल्डन भिंतीवरच्या घड्याळाकडे नाही, खिडकीबाहेरच्या गोठलेल्या पागोळीकडे बघत होता. पागोळी ठिबकायला लागली तशी तो मतदानाच्या मध्येच उठला. त्याचा हात वर होता, तो तसाच वर ठेवून दाराबाहेर गेला. ते मत मोजलं की नाही यावर अजून बोलणं होतं. मी मागोमाग गेले, सभेनंतरच्या जेवणासाठी आणलेलं बीन्सचं भांडं तिथेच टाकून.

व्हर्ना आमच्या आधीपासून टाकीजवळ स्टुलावर बसली होती. कानापर्यंत टोपी, मांडीवर घोंगडी. तिने बोट ओठांवर ठेवलं. आम्ही थांबलो. आतून आवाज येत होता, बारीक आणि न तुटणारा, भांड्यात दूध काढताना येतो तसा. पाचही नळ्यांच्या तोंडातून रस धारेने पडत होता. एल्डन नळीवर वाकला. नळी आरपार दिसते, आत रसामधून हवेचे बुडबुडे एकामागे एक खाली सरकत होते. तो एकेका बुडबुड्याबरोबर बोट सरकवत राहिला. टाकीत पडला की पुन्हा वर जाऊन दुसरा पकडायचा. व्हर्ना म्हणाली, "अरे मोजतोस काय, साडेदहा वाजल्यापासून येतायत."

दुसऱ्या दिवशी तिने भट्टी पेटवली. खोपीच्या छपरातून वाफ निघाली आणि ती रस्त्यावरून दिसल्यावर बोलावण्याची गरज कोणालाच लागली नाही. नऊ नंबरची म्हातारी काठी टेकत आली, टपालवाला गाडी चालू ठेवून आला. व्हर्ना कढईजवळ बसून सगळ्यांना कामं सांगत होती. लाकूड घाल, दार लाव, तू जरा बाजूला हो, वाफ अडवतोस. तिने पळी वर धरली. थेंब पडायचे थांबले आणि पाक पळीच्या कडेला पडद्यासारखा लोंबला. "झाला," ती म्हणाली.

मग थोडा पाक तिने आणखी आटवला आणि बाहेर स्वच्छ बर्फावर ओतला. तो लगेच चिवट होतो, काट्याने गुंडाळून खायचा, मध्ये आंबट काकडीचा तुकडा आणि डोनट, म्हणजे आणखी खाता येतो. एल्डनने काटा वर उचलला तशी पाकाची तार निघाली, लांबली, मधे वाकली. व्हर्ना म्हणाली, "ही बघ तार. हिला झोळ चालतो."

एल्डन इतका हसला की ती तार त्याच्या दाढीला चिकटली. मी त्याला एवढं हसताना आधी पाहिलं नव्हतं. व्हर्ना कढईकडे तोंड करून बसली होती, पण तिचेही खांदे हलत होते.

पहिला पाक तिने त्या दुकानच्या बाटलीत भरला. आधीचा टाकला, बाटली उकळत्या पाण्याने धुतली, छापील चित्र तसंच ठेवलं, आणि ती मला दिली. एल्डनने बाटली ओळखली. झाकण घट्ट आहे का ते तपासून दिलं.

एप्रिलमध्ये बर्फ वितळलं तेव्हा आणखी एक गंमत उघडी पडली. एल्डनने तोट्या आणि आम्ही नळ्या चार फूट बर्फावर उभं राहून लावल्या होत्या, छातीच्या उंचीवर. आता त्या डोक्याच्या कितीतरी वर. त्या काढायला शिडी लागली. व्हर्नाने येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं की यंदा राक्षसांची जोडी कामाला ठेवली होती.

त्या रविवारी ब्रिनशी बोलताना मी पाऊण तास नळीबद्दलच बोलले. ती शेवटी म्हणाली, "आई, आज मी जेवले का ते विचारलंच नाहीस." मी विचारलं. ती जेवली होती.

आणि आता ही चार नवी भेंडोळी. दुपारी घरी आल्यावर मी त्याच्या मुलाला फोन लावायला घेतला होता. त्याचं नाव वेड, तो गावात राहतो, समजूतदार आहे. त्याला म्हणणार होते की वडिलांना आवर, ओली पानं आहेत, खांदा आहे, ओढा आहे. चार आकडे दाबले आणि ठेवून दिला. वेड आला तर एल्डन थांबेल. एक दिवस थांबेल, मग कोणाला न सांगता, घोंगडीसुद्धा टाकू न देता जाईल.

आणि एकटा गेला तर ओढणार तोच, बांधणारही तोच. प्रत्येक गाठीला बोटभर सैल सुटणार. हे त्यालाही माहीत आहे. संध्याकाळपासून मी ओल्या पानांचाच विचार करत बसले आणि त्याचं वाक्य आत्ता कुठे कानात शिरलं. दोघांना उभं राहायला जागा आहे. कुत्रा उभा राहतच नाही, वर्षभरात कोणी त्याला दोन मिनिटं उभा पाहिलेला नाही. पंचेचाळीस वर्षांपूर्वी बिघाड नसलेला फोन तपासायला जाणारा हा माणूस, ये असं तोंडाने कसं म्हणेल?

पलीकडे पहाटे पाचला कॉफी ठेवतात. सहाला तो बूट चढवतो. साडेपाचला मी फोन करणार आहे, वेडला नाही, समोरच्या घरी. व्हर्ना उचलेल, तिला म्हणेन, त्याला दे. तो आला की सांगेन, बावीस नंबर बोलतेय, आणि विचारेन, किती वाजता निघायचं.